ओल्या पोत्याची नोंद

ज्या वाक्याबद्दल हे लिहितो आहे, ते वाचलेली माणसं जगात फार नसतील. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी आतला जो भाग असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमध्ये वॉचडॉग नावाची एक सोय असते, आणि ती कशी वापरायची हे सांगणारं एक लांबलचक पान असतं. त्या पानाच्या शेवटाकडे एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: यंत्र झोपलं की वॉचडॉगचं घड्याळही थांबतं. ते वाक्य चुकीचं होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्याच्या जोरावर भर सभेत एका माणसाला खोटं पाडलं.

वॉचडॉग म्हणजे काय ते आधी सांगतो. आमच्याकडे धान पिकायला आलं की रानडुकरांच्या राखणीला लोक मचाणावर बसतात. एक जण थोड्या थोड्या वेळानं हाक देतो, पलीकडच्या मचाणावरचा ओ देतो. ओ आली नाही, तर पहिला उतरून बघायला जातो. वॉचडॉगचं काम असंच आहे. यंत्रात चालणाऱ्या प्रोग्रामनं ठरावीक वेळाच्या आत ‘मी जागा आहे’ असं कळवत राहायचं. कळवलं नाही तर तो कुठंतरी अडकला असं समजून वॉचडॉग अख्खं यंत्र बंद करतो आणि नव्यानं सुरू करतो. बिघाड दुरुस्त करायला माणूस पोचेपर्यंत दोन दिवस जातात अशा गावांत ही फार उपयोगाची गोष्ट आहे.

मी चंद्रपूरला राहतो. तळहाताएवढ्या संगणकांच्या पेट्या बनवून तलावांवर, नाल्यांवर पाण्याची पातळी मोजायला बसवतो. सावली तालुक्यातल्या एका गावच्या मालगुजारी तलावावर अशीच एक पेटी बसवली होती. मालगुजारांच्या काळात बांधलेले हे तलाव अजून धानाला पाणी देतात. तलावाचं पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला तिकडे तुडूम म्हणतात, आणि ते उघडण्या-झाकण्याचं काम पाटकऱ्याकडे असतं. किल्ली त्याच्याजवळ. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आज पाणी जाणार, कोणाच्या उद्या, हे पाणी वापर समिती ठरवते. पाटकरी फक्त ते पाळतो. पण शेत सुकलं की लोक समितीकडे बघत नाहीत, पाटकऱ्याकडे बघतात.

त्या गावचा पाटकरी तेव्हा पन्नाशीचा असेल. विहाराजवळ घर, दीड एकर धान, बोलणं कमी. पेटी बसवली त्या दिवशी तो माझ्यामागे उभा राहून सगळं पाहत होता. शेवटी त्यानं एकच प्रश्न विचारला.

“हा हिरवा दिवा गेला तं समजाचं का?”

“पेटी झोपली किंवा बंद पडली असं समजायचं. पण पडणार नाही,” मी म्हणालो.

पेटी झोपण्याची व्यवस्था मीच केली होती. आतलं तापमान फार वाढलं की यंत्रानं थोडा वेळ झोपावं, थंड व्हावं, मग उठून कामाला लागावं. पातळीची नोंद दर पंधरा मिनिटांनी व्हायची, पण कार्डावर ती चार तासांनी एकदा उतरायची, कारण सारखं लिहिलं की कार्ड लवकर खराब होतं. कागदावर सगळं ठीक होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात धान निसवायला, लोंब्या धरायला आलं आणि पाणी कमी पडलं. समितीनं पेटीच्या नोंदी मागवल्या, तर रोज दुपारचे तीन-चार तास कोरे. जणू रोज दुपारी कोणीतरी वायर काढतं आणि संध्याकाळी पुन्हा लावतं. गावानं लगेच अर्थ काढला: पाटकरी दुपारी पेटी बंद करून कोणाला तरी चोरून पाणी देतो. त्यात दोघातिघांनी सांगितलं की त्यांनी पेटीवर पोतं झाकलेलं पाहिलं. पेटीवर पोतं कशाला झाकायचं? लपवायचं असल्याशिवाय कोणी काही झाकतं का?

सभा ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात होती. मला मुद्दाम बोलावलं होतं. तलावापासून सगळ्यात लांब, पाटाच्या शेवटाला जिची शेती होती अशी एक विधवा बाई पुढेच बसली होती. तिच्या बांधीत त्या वर्षी पाणी पोचलंच नव्हतं.

“पेटी दुपारचीच काऊन झोपते?” मागून कोणीतरी म्हणालं. “तिले जेवन जड होते का?”

लोक हसले. ती बाई हसली नाही.

“पेटी नाई झोपत,” ती म्हणाली. “पाटकरी झोपवते तिले.”

पाटकरी उठून उभा राहिला. “मी हात नाई लावलो. ऊन डब्यावर आलं का दिवा जाते. मंग तीनदा लुकलुकते अन् पुन्हा लागते. ढग असले का नाई जात. मी पोतं ओलं करून टाकलो, तवा बी नाई गेला.”

“तू काऊन पोतं टाकत होता पण?” समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

“पाहाले. जाते का नाई जात ते पाहाले.”

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही सांगा. हे मशीन आपल्या मनानं बंद पडते का?”

मी क्षणभरही थांबलो नाही, हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. ते पान मी वाचलं होतं. यंत्र झोपलं तर घड्याळ थांबतं, उठलं की पुढे चालतं. म्हणजे झोपेमुळे नोंदी जाणार नाहीत. नोंदी गेल्या त्या अर्थी वीज तोडली गेली. मी हे सगळं साध्या मराठीत सांगितलं, आणि ते फार छान समजावलं असं मला तेव्हा वाटलंसुद्धा. सचिवांनी प्रोसिडिंग बुकात लिहिलं: ‘मशीन आपोआप बंद पडत नाही, बाहेरून बंद करावे लागते, असे तज्ज्ञांनी सांगितले.’ खाली माझी सही घेतली. त्याच सभेत पाटकऱ्याकडून किल्ली काढून घेतली.

तो माणूस दिवा किती वेळा लुकलुकतो हे मोजत होता. ऊन, ढग, ओलं पोतं, असे तीन वेगळे प्रसंग त्यानं वेगळे करून पाहिले होते. माझ्या धंद्यात यालाच चाचणी म्हणतात. आणि मी पेटीच्या झाकणाला हात न लावता तिथं बसून उत्तर दिलं होतं. संशय त्या गावात कोणावर लवकर बसतो आणि कोणावर उशिरा, हे मला माहीत नव्हतं असंही मी म्हणणार नाही. माहीत होतं. पण माझ्या कागदात तसं लिहिलं होतं, आणि कागदाला जात नसते अशी मी स्वतःची समजूत घातली.

दोन वर्षांनी मे महिन्यात घुग्घुसच्या एका कामासाठी नवी पेटी तयार करत होतो. चंद्रपूरचं ऊन तिला झेपतं का हे बघायला पेटी घराच्या गच्चीवर ठेवली आणि मी जिन्यात, दाराच्या सावलीत बसलो. दुपारी दोनच्या सुमारास दिवा गेला. बरोबर आहे, मी म्हणालो, झोपली. थोड्या वेळानं दिवा तीनदा लुकलुकला आणि लागला. झोपेतून उठल्यावर दिवा नुसता लागतो. तीनदा लुकलुकतो तो यंत्र नव्यानं सुरू होताना.

मला खरंच मजा वाटली, हेही सांगायला हवं. काहीतरी घडायला नको होतं आणि घडत होतं, यापेक्षा मोठा आनंद या कामात नाही. मी ते पान पुन्हा काढलं. वाक्य जागेवर होतं: घड्याळ थांबतं. मग मी मूळ प्रोग्राम उघडला, कर्नलचा तो भाग. घड्याळ सुरू करणारी ओळ सापडली. प्रोग्राम संपला की घड्याळ थांबवणारी ओळ सापडली. यंत्र झोपताना काय करायचं त्या जागी आलो तर तिथं घड्याळाचं नावच नव्हतं. तीन वेगळ्या चिपांसाठी लिहिलेले भाग पाहिले. एकात घड्याळ थांबवलं होतं, दोनांत नाही. म्हणजे पानावरचं वाक्य काही यंत्रांसाठी खरं होतं आणि माझ्या पेटीसाठी साफ खोटं. यंत्र झोपायचं, घड्याळ मात्र चालत राहायचं. झोपलेला ओ कशी देणार? वेळ संपली की वॉचडॉग यंत्र झटकून नव्यानं सुरू करायचा, आणि कार्डावर न उतरलेल्या चार तासांच्या नोंदी तिथंच पुसल्या जायच्या.

मी जिन्यात बसून हसलोही असेन. मग नळावर जाऊन एक जुना टॉवेल भिजवला, पेटीवर टाकला आणि पुन्हा बसलो. दिवा गेला नाही. टॉवेलकडे बघता बघता मला ते पोतं आठवलं.

आता जे सांगायचं ते अवघड आहे. मी त्या दिवशी सावली तालुक्यातल्या त्या गावी गेलो नाही, त्या महिन्यातही नाही. मी प्रोग्राम बदलला. झोपण्याआधी घड्याळ बंद करायची आणि नोंदी कार्डावर उतरवायची सोय केली. सगळ्या पेट्यांवर, त्या तलावावरच्याही, तो नवा प्रोग्राम मोबाइलच्या नेटवर्कवरून घरबसल्या चढवला. समितीला जो अहवाल जातो त्यात लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. दुपारच्या कोऱ्या जागा बंद झाल्या. गावानं त्याचाही अर्थ काढला: बघा, पाटकरी बदलला आणि पेटी सुधारली. हे मला अध्यक्षांनीच फोनवर कौतुकानं सांगितलं. मी ‘हं’ म्हणालो.

एक वर्ष मी ते ‘हं’ घेऊन फिरलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग जाऊन सांगून या ना. इथून दीड तास तर आहे.” मी म्हणालो, आधी ते मूळ पान तरी दुरुस्त करू दे. मला वाटलं, पान दुरुस्त केलं की माझी चूक मुळातूनच निघेल. खरं तर मी लांबचा रस्ता धरला होता, कारण तिथं कोणी मला ओळखत नव्हतं.

कर्नलच्या कागदांत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. बदल ई-मेलनं पाठवायचा, सगळ्यांसमोर. आधी काय लिहिलं होतं, आता काय लिहावं, आणि का, हे लिहायचं. जुनं वाक्य खोडलं तरी ते इतिहासात राहतं. कोणी लिहिलं, कोणी बदललं, कशासाठी, सगळं दिसतं. मी एक वाक्य लिहिलं: झोपेत घड्याळ थांबेलच असं धरून चालू नका, काही यंत्रांत ते चालूच राहतं. कारण म्हणून फक्त ‘प्रत्यक्ष वापरात आढळले’ एवढंच लिहिलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्या देशातला, वयानं केवढा, मला अजून माहीत नाही. त्यानं आभार मानले होते, दुरुस्ती बरोबर आहे म्हटलं होतं, आणि दोन गोष्टी विचारल्या होत्या. कशा परिस्थितीत आढळलं ते नीट लिहा. आणि हे आधी दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं असेल तर, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचं नाव घाला. या लोकांत तशी रीतच आहे. दोष ज्यानं दाखवला त्याच्या नावाची एक वेगळी ओळ असते, दुरुस्त करणाऱ्याच्या नावाच्या वर.

ते उत्तर मी बऱ्याच वेळा वाचलं. ‘दुसऱ्या कोणाच्या’ हा त्यानं सहज विचारलेला प्रश्न होता. त्याच आठवड्यात मी गाडी काढली.

पाटकरी आता राइस मिलवर कामाला जात होता. रविवार होता म्हणून घरी सापडला. त्याची बायको अंगणात धान पसरत होती. तिनं मला ओळखलं.

“आता कोनती पेटी आनली साहेब?” ती म्हणाली. “घरातली एखादी वस्तू बंद कराची राह्यली का?”

“बसू दे त्याहिले,” आतून आवाज आला.

बिनदुधाचा चहा आला. मी सगळं सांगितलं. गच्ची, टॉवेल, घड्याळ, आणि वर्षभर गप्प बसलो तेही. तो मध्ये एकदाच बोलला.

“म्हंजे घड्याळ चालतच राहे?”

“हो.”

“अन् ऊन उतरल्यावर?”

“मग पेटी झोपतच नसे. म्हणून संध्याकाळी सगळं ठीक दिसायचं.”

“हौ,” तो म्हणाला, “तेच म्हनलं.” तीन वर्षं त्याला हे जाणून घ्यायचं होतं. माझ्यावरचा राग मला त्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडेना. त्याआधी त्याला उत्तर हवं होतं. मग तो उठला आणि मला तुडुमाजवळच्या खोलीत घेऊन गेला. नव्या पाटकऱ्यानं दार उघडून दिलं आणि बाहेर थांबला.

खोलीच्या भिंतीवर कोळशानं केलेल्या खुणा अजून होत्या. रोजची एक उभी रेघ. दिवा गेला त्या दिवशी रेघेवर फुली. पोतं टाकलं त्या दिवशी रेघेखाली चौकोन. चौकोन पाच होते आणि त्यांतल्या एकाही रेघेवर फुली नव्हती. मी मोबाइलवर फोटो काढला. त्या सभेच्या दिवशी ही भिंत व्हरांड्यापासून चालत दहा मिनिटांवर होती.

मी परवानगीचं विचारलं. जगभरच्या कागदात तुमचं नाव जाईल, कायम राहील.

“तिथी मले कोन वाचते?” तो म्हणाला. “थ्या दिवशी तुम्ही इथी बोलले. लिहून देल्ले, सही केली. ते बुक अजून पंचायतीच्या कपाटात हाये. आधी ते सुधरवा. मंग तुमच्या कागदात टाका नाव.”

सभा पंधरा दिवसांनी भरली, त्याच व्हरांड्यात. मी उभा राहून सांगितलं की मशीन आपोआप बंद पडत होतं, मी न तपासता बोललो होतो, आणि कळल्यावरही वर्षभर सांगितलं नव्हतं.

“म्हंजे मशीन खोटं बोललं का?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“नाही बाबाजी. मशीननं त्याचं काम केलं. कागद चुकीचा होता, आणि मी कागदाचं ऐकलं, यांचं नाही.”

“शिकलेल्याहिचं असंच असते,” तो म्हणाला, फारसा राग न धरता.

सचिवांनी बुक उघडलं. जुना मजकूर खोडता येत नाही, ते म्हणाले. आज नवा ठराव घ्यावा लागेल, आणि त्यात जुन्याचा उल्लेख करून तो चुकीचा होता असं लिहावं लागेल. मला वाटलं, कर्नलच्या कागदांतही हेच आहे. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, “सूचक कोण?”

मी बोलणार होतो, पण मी समितीचा सभासद नव्हतो. सूचक गावातलाच हवा. अध्यक्ष पायांकडे बघत होते. ठराव मांडणं म्हणजे त्या दिवशी आपणही चुकलो असं नावानिशी लिहून देणं होतं, आणि ते बुकात कायम राहणार होतं. पाटकरी माझ्या शेजारी बसला होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

“माझं लिवा,” पुढून आवाज आला. शेवटाच्या शेतवाली बाई. “बोललेली मीच होती. पाणी तं मले तवाबी नाई भेटलं अन् आताबी नाई भेटून राह्यलं. मंग हा मानूस चोर कसा?”

अनुमोदनाला नवा पाटकरी उठला.

मी ठरावाचा मजकूर घरून लिहून आणला होता. तो वाचायला लागलो. त्यात, पाटकऱ्यानं पाच दिवस पेटीवर ओलं पोतं टाकून पाहिलं आणि पाचही दिवस पेटी बंद पडली नाही, असं होतं.

“पाच नाई,” शेजारून पाटकरी म्हणाला. “चार.”

“भिंतीवर चौकोन पाच आहेत भाऊ. माझ्याजवळ फोटो आहे.”

“मधल्या चौकोनात टिंब हाये, पाहा. थ्या दिवशी ढग होते. ढगाच्या दिवशी तशीबी नसती गेली ते. तो दिवस धरू नका.”

मी फोटो मोठा करून पाहिला. टिंब होतं. मी त्याला भिंतीवरचा डाग समजलो होतो. सचिवांनी चार लिहिलं आणि ठराव पुन्हा वाचून दाखवला. पाटकऱ्यानं शेवटपर्यंत ऐकला, मान हलवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “आता टाका तिथी.”

घरी येऊन मी ई-मेलचा मसुदा उघडला. त्यातही मी पाचच लिहिलं होतं. ते चार केलं, एक दिवस ढगाळ असल्यानं धरलेला नाही असं त्याखाली लिहिलं, आणि माझ्या नावाच्या वरच्या ओळीत त्याचं नाव घातलं.